डोंगर, नदी आणि दहा गावे : नवी मुंबई विमानतळाची जडणघडण

२५ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी बंगळूरहून निघालेले प्रवासी विमान उलव्याच्या नव्या धावपट्टीवर उतरले आणि राज्याच्या राजधानीला दुसरा विमानतळ लाभला. त्यापूर्वी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या विमानतळाचे उद्घाटन झाले होते. समारंभाची वर्णने वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचलीच आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

येथे विचार करावयाचा आहे तो एका साध्या हिशेबाचा. धावपट्टी, प्रवासी-इमारत आणि त्यांच्या अनुषंगाने येणारी मुख्य बांधकामे ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली आणि सुमारे चार वर्षांत उभी राहिली. मात्र दुसऱ्या विमानतळासाठी जागेचा शोध सुरू झाला होता तो १९९७ साली. म्हणजे मधली चोवीस वर्षे विमानतळ बांधण्यात गेली नाहीत. ती विमानतळासाठी जमीन सिद्ध करण्यात गेली. 'सिद्ध करणे' हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी घ्यावयाचा. एक डोंगर उतरवावा लागला, एका नदीचे पात्र वळवावे लागले आणि दहा गावांना आपली घरे दुसरीकडे न्यावी लागली. मोठ्या सार्वजनिक कामांचा वेळ नेमका कोठे खर्च होतो, हे ज्यांना प्रशासनात, शाळेत किंवा पंचायतीत लोकांना समजावून सांगावे लागते, त्यांना या चोवीस वर्षांची हकीकत उपयोगी पडेल.

जुहूच्या चिखलापासून

मुंबईच्या हवाई वाहतुकीचा आरंभ १९२८ साली जुहू येथील विमानक्षेत्राने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले ते जुहूलाच. पावसाळा लागला की हे मैदान चिखलाने भरून जाई आणि टपालाच्या विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. समुद्रसपाटीला लागून असलेल्या या शहरात विमान उतरविणे म्हणजे प्रथम पाण्याशी व्यवहार करणे, हे तेव्हापासूनच स्पष्ट झाले होते.

पुढे सांताक्रूझचे विमानक्षेत्र विकसित झाले, स्वातंत्र्यानंतर ते नागरी वाहतुकीचे मुख्य केंद्र बनले आणि १९८१ मध्ये सहार येथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी स्वतंत्र इमारत सुरू झाली. परंतु तोवर शहर चहूबाजूंनी विमानतळास भिडले होते. कुर्ला, विलेपार्ले, अंधेरी आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये हा विमानतळ अडकून पडला.

याहून मोठी अडचण धावपट्ट्यांच्या मांडणीची होती. येथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरी वापरता येत नाही. सबब दोन असूनही प्रत्यक्षात एकाच धावपट्टीचे काम होते. असे असतानाही ८ डिसेंबर २०१८ रोजी चोवीस तासांत या विमानतळावर १,००७ विमाने उतरली आणि उडाली. सरासरी काढल्यास दर ८६ सेकंदांस एक विमान. हा वाहतूक नियंत्रकांच्या कौशल्याचा विक्रम खरा, परंतु ज्या शहरास असा विक्रम करावा लागतो त्या शहरास विक्रमाहून दुसऱ्या विमानतळाची गरज अधिक असते. २०२४-२५ या वर्षात तेथून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी ये-जा केली.

जागा कशी ठरते

विमानतळासाठी जागा निवडणे हे रेल्वे स्थानकासाठी जागा निवडण्यासारखे नसते. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उतरते आणि वाऱ्याच्या समोरच उड्डाण करते. म्हणून त्या परिसरात वर्षभर वारा प्रामुख्याने कोणत्या दिशेने वाहतो यावर धावपट्टीची दिशा ठरते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यातील जोरदार वारे पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतात. साहजिकच धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम ठेवावी लागते. शिक्षकांना सांगण्याजोगी एक गोष्ट अशी की, धावपट्टीच्या टोकांवर रंगविलेले आकडे म्हणजे तिची दिशाच होय. नवी मुंबईच्या धावपट्टीवर ०८ आणि २६ हे आकडे आहेत. होकायंत्रावर सुमारे ८० अंश आणि २६० अंश असा त्यांचा अर्थ; शेवटचे शून्य गाळलेले असते. सह्याद्रीकडे तोंड करून उभे राहिल्यास ०८ आणि समुद्राकडे वळल्यास २६.

वाऱ्यानंतर अडथळे पाहावे लागतात. विमान उतरण्याच्या व चढण्याच्या वाटेवर टेकडी, मनोरा किंवा उंच इमारत असून चालत नाही. त्यानंतर राजधानीपासूनचे अंतर, रस्ते, रेल्वे आणि शेवटी जमिनीची उपलब्धता. प्रारंभी अलिबाग तालुक्यातील रेवस-मांडवा परिसराचा विचार झाला. पुढे सिडकोने, म्हणजेच शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, पनवेलजवळील कोपर-उलवे परिसर सुचविला. येथील पुष्कळशी जमीन नवी मुंबईसाठी पूर्वीच संपादित झालेली होती आणि नव्या शहराच्या वाढीला या प्रकल्पाचा आधार मिळणार होता. २००७ साली केंद्र शासनाने या प्रस्तावास तत्त्वतः मान्यता दिली. २००८ मध्ये राज्य शासनाने मान्यता देऊन सिडकोस समन्वय संस्था म्हणून नेमले.

कागदावर जागा ठरली. जमिनीवर मात्र तेथे उलव्याचा सुमारे ९० मीटर उंचीचा डोंगर होता, मधून उलवे नदी वाहत होती, उत्तरेस गाढी नदी होती, खाडीच्या काठाने कांदळवन पसरलेले होते आणि खाजणात व डोंगराच्या पायथ्याशी माणसे राहत होती.

अडीचशे मीटरचा निर्णय

भरती-ओहोटीच्या क्षेत्रात आणि कांदळवनात विमानतळ बांधण्यास किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेत वाव नव्हता. म्हणून २००९ मध्ये या अधिसूचनेत केवळ नवी मुंबईपुरती दुरुस्ती करण्यात आली. त्यानंतर पर्यावरणविषयक परवानगीवर केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालय यांच्यात दीर्घ विचारविनिमय झाला. कल्याणजवळील नेवाळीच्या जुन्या धावपट्टीचा पर्यायही त्या काळात चर्चेत आला. अखेर तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये अनेक अटींसह परवानगी दिली.

या परवानगीतील एका तपशिलाकडे सर्वसाधारण वाचकाचे लक्ष गेले नसेल, पण प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मूळ आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये १,८०० मीटर अंतर होते. इतके अंतर ठेवल्यास उलवे नदीबरोबर गाढी नदीचेही पात्र वळवावे लागले असते. सुधारित आराखड्यात हे अंतर १,५५० मीटर करण्यात आले आणि गाढी आपल्या जागी राहिली.

हे शक्य झाले ते तांत्रिक कारणाने. दोन समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी, एकमेकींवर अवलंबून न राहता, विमाने उतरावयाची असल्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार त्यांच्या मध्यरेषांत किमान १,०३५ मीटर अंतर असावे लागते. १,५५० मीटरमध्ये ही गरज भागते. मधल्या जागेत प्रवासी-इमारती आणि विमाने उभी करण्याची फरसबंदी मावली म्हणजे झाले. इमारतींची मांडणी थोडी आवळून घेतल्याने एक नदी वाचली.

गाढी वाचली हे पनवेलकरांना किती मोलाचे, हे २६ जुलै २००५ ची रात्र ज्यांनी पाहिली त्यांना सांगावयास नको. माथेरानच्या बाजूच्या डोंगरांवरून येणारे पाणी गाढी आणि काळुंद्री या नद्या पनवेलच्या अंगाने खाडीस नेतात. वर अतिवृष्टी आणि खाली भरती अशी गाठ पडली की पाणी शहरात चढते. अशा नदीचे मुख आवळणे म्हणजे वरच्या गावांच्या उंबऱ्याशी खेळणे होय. उलवे नदी लहान, पावसाळी प्रवाहाची. तिचे पात्र विमानतळाच्या कडेने नव्याने खोदून वळविण्यात आले.

कांदळवनाच्या बाबतीत, जितके नष्ट होईल त्याच्या कित्येक पटींनी अन्यत्र लावावे व जोपासावे, अशी अट घालण्यात आली आणि वाघिवली परिसर त्यासाठी राखण्यात आला. येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. लावलेले कांदळवन आणि आपोआप वाढलेले कांदळवन यांत फरक असतो. चिखलाची प्रत, पाण्याचा खारेपणा, भरतीची ये-जा हे सारे जमल्याखेरीज निवटी, चिंबोरी आणि कोळंबीची पिले तेथे परतत नाहीत. रोपांची संख्या मोजून ही अट पूर्ण झाली किंवा नाही हे ठरविता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे निरीक्षण ठेवावे लागते.

डोंगर खाली, जमीन वर

जमीन तयार करण्याची विकासपूर्व कामे २०१७ मध्ये सिडकोने सुरू केली. उलव्याचा डोंगर दोन कारणांनी काढावा लागणार होता. तो विमानांच्या वाटेवर होता आणि त्याचा दगड खाजणाच्या भरावास हवा होता. बाहेरून दगड-माती आणावयाची म्हटले असते, तर रायगड जिल्ह्यातील आणखी किती टेकड्या फुटल्या असत्या याचा अंदाज करणे कठीण नाही. सुरुंग लावून डोंगर फोडण्यात आला आणि तोच दगड शेजारच्या सखल जमिनीवर पसरण्यात आला. उंच असलेले खाली आले आणि खाली असलेले वर आले.

मात्र खाजणात भराव टाकणे हे खड्डा बुजविण्याइतके सोपे नाही. खाडीकाठचा मऊ चिखल पाण्याने भरलेला असतो. वर भार पडला की त्यातील पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन खचत जाते. ही खचण्याची क्रिया वर्षानुवर्षे चालू राहू शकते. जपानमधील ओसाका शहरासाठी समुद्रात भराव घालून बांधलेला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला; त्याचे मूळ बेट बांधकामास आरंभ झाल्यापासून दहा मीटरहून अधिक खचले आहे. नवी मुंबईचा भराव खोल समुद्रातील नाही हे खरे, तथापि ३,७०० मीटर लांबीच्या धावपट्टीचा एक भाग बोटभर अधिक खचला तरी चालत नाही. म्हणून अशा जमिनीतून पाणी लवकर बाहेर काढणे, तिच्यावर अगोदर भार ठेवून तिला दबू देणे आणि मगच पृष्ठभाग घालणे, असा क्रम पाळावा लागतो. पाहणाऱ्यास वाटते की काम थांबले आहे. प्रत्यक्षात जमीन बसत असते. याखेरीज परिसरातून जाणाऱ्या उच्चदाबाच्या वीजवाहिन्याही हलवाव्या लागल्या.

सुरुंगांच्या दणक्यांनी घरांना तडे गेल्याच्या आणि दगड उडाल्याच्या तक्रारी आसपासच्या वस्त्यांतून झाल्या. जमिनीची पातळी उंचावल्यावर लगतच्या डुंगी गावात पावसाचे पाणी शिरू लागले आणि मूळ दहा गावांत नसलेल्या या गावाच्याही पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. प्रकल्पग्रस्त कोणास म्हणावे याची रेषा नकाशावर आखता येते. पाणी मात्र त्या रेषेवर थांबत नाही. पुढील प्रकल्पांच्या वेळी नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे असे आहे.

दहा गावे

आता मुख्य विषयाकडे वळू. तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वाघिवली, वाघिवलीवाडा, कोल्ही, कोपर, चिंचपाडा आणि वरचे ओवळे ही ती दहा गावे. सुमारे तीन हजार कुटुंबे. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी समाजाची. भातशेती, मिठागरे, खाडीतील मासेमारी आणि तळ्यातला जिताडा यांवर पिढ्यान्पिढ्या चाललेला संसार. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालणे, उघाड्या राखणे, फुटलेला बांध साऱ्या गावाने एकत्र येऊन रातोरात भरून काढणे ही या लोकांची पिढीजात विद्या होती. पाण्याशी व्यवहार करावयास येथील माणसे अभियंते येण्याच्या कितीतरी आधी शिकली होती.

या परिसराला भूसंपादन नवे नव्हते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मिळणारा मोबदला आणि त्याच जमिनीला विकासानंतर येणारी किंमत यांतील तफावत लोकांच्या डोळ्यांसमोर वाढत गेली. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात मोठे आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी या दोन दिवसांत गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या आंदोलनातून जे तत्त्व पुढे आले ते असे की, ज्याची जमीन घेतली त्याला केवळ रोख रक्कम देऊन न भागवता विकसित जमिनीतही वाटा द्यावा. १९९० मध्ये साडेबारा टक्के योजनेच्या रूपाने ते शासनाने स्वीकारले. या साडेबारा टक्क्यांतून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि खातेदाराच्या हाती पावणेनऊ टक्के पडतात, हे बोलताना बहुधा सांगितले जात नाही; ग्रामसभेत मात्र ते स्पष्टपणे सांगितलेले बरे.

विमानतळाच्या वेळी सुमारे ६७१ हेक्टर खासगी जमीन संपादन करावयाची होती. साडेबारा टक्क्यांवर गावकरी तयार नव्हते. २०१३ च्या अखेरीपर्यंत बैठकांवर बैठका झाल्या आणि रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले. १ जानेवारी २०१४ पासून देशात नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि पाठोपाठ मार्च व मे २०१४ मधील शासन निर्णयांनी हा पुनर्वसन-संच कायम करण्यात आला. आकड्यांत सांगावयाचे तर एक हेक्टर जमीन देणाऱ्याचा विकसित भूखंडातील वाटा ढोबळमानाने १,२५० चौरस मीटरांऐवजी २,२५० चौरस मीटर झाला. घरांसाठी मूळ बांधकामाच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट भूखंड, बांधकामास अर्थसाहाय्य आणि नवे घर होईपर्यंत भाडे अशी तरतूद करण्यात आली. वडघर, वहाळ आणि कुंडेवहाळ येथे नव्या वसाहतींसाठी जागा देण्यात आल्या व त्या परिसरास पुष्पकनगर असे नाव मिळाले.

हे सारे कागदावर उदार दिसते आणि देशातील अन्य प्रकल्पांशी तुलना करता ते उदार होतेही. तरी गावे रिकामी होण्यास पुढे पाच-सहा वर्षे लागली. याचे कारण केवळ हट्ट नव्हते. गावठाणाच्या हद्दीबाहेर वाढलेल्या घरांचे कागद नव्हते. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असत. भूखंड एक की तीन? भाडेकरूचे काय? ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, पण जो रोज खाडीत जाळे टाकून पोट भरत होता, त्याचा वाटा कोणत्या टक्क्यात बसवावयाचा? जमिनीच्या मोबदल्याचे गणित सातबाऱ्यावरून मांडता येते. खाडीला सातबारा नसतो. कोळ्यांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न म्हणूनच सर्वांत अवघड ठरला आणि त्याचे समाधानकारक उत्तर आपल्या नियमपुस्तकांत अजूनही सापडत नाही.

सक्तीचा मार्ग सरळ असतो असे काहींना वाटते. त्यांनी तोक्योचे उदाहरण पाहावे. जपानच्या राजधानीसाठी नारिता येथे नवा विमानतळ बांधण्याचा निर्णय १९६६ मध्ये स्थानिक शेतकऱ्यांशी पुरेशी चर्चा न करता घेण्यात आला. त्यानंतर जो संघर्ष पेटला त्यात पोलीस आणि आंदोलक या दोन्ही बाजूंचे बळी गेले. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनास अवघे चार दिवस उरले असता आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात शिरून यंत्रसामग्री मोडली आणि विमानतळ सुरू होण्यास २० मे उजाडला. दुसऱ्या धावपट्टीसाठी हवी तेवढी जमीन मिळाली नाही, म्हणून ती २००२ मध्ये २,१८० मीटर इतकीच आखूड सुरू करावी लागली. आजही त्या विमानतळाच्या पोटात शेत आहे. १९९५ मध्ये जपानच्या पंतप्रधानांना शेतकऱ्यांची क्षमा मागावी लागली. जगातील एका अत्यंत शिस्तबद्ध देशाला जे सक्तीने साधले नाही, ते उलव्यात बऱ्याच अंशी वाटाघाटींनी साधले, याची नोंद घ्यावयास हवी. त्या वाटाघाटींमागे जासईची आठवण उभी होती, हेही विसरता येत नाही.

विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे ही मागणी याच आठवणीतून आली. २०२१ मध्ये त्यासाठी हजारो लोकांनी मानवी साखळी उभारली. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव करून तो केंद्र शासनाकडे पाठविला.

कंपनी, खर्च आणि क्षमता

हा प्रकल्प शासकीय व खासगी भागीदारीतून झाला आहे. २०१७ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा महसुलातील १२.६० टक्के वाटा देऊ करणाऱ्या, त्या वेळच्या मुंबई विमानतळ कंपनीस काम मिळाले. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन झाले. पुढे २०२१ मध्ये त्या कंपनीची मालकी अदानी समूहाकडे गेली. प्रकल्प कंपनीत ७४ टक्के भाग खासगी आणि २६ टक्के सिडकोचा आहे. भूमिपूजनाच्या सुमारास सुमारे १६,७०० कोटी रुपये असलेला खर्चाचा अंदाज प्रारंभिक टप्प्यासाठीच १९,६५० कोटी रुपयांवर गेला.

११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ विमान या धावपट्टीवर प्रथम उतरले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला प्रवासी विमानाची चाचणी झाली आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवाना दिला. कमळाच्या कल्पनेवर आधारलेल्या प्रवासी-इमारतीचा आराखडा झाहा हदीद यांनी स्थापन केलेल्या वास्तुरचना संस्थेचा आहे. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी, वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि पाच लाख टन माल अशी क्षमता आहे. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर दोन धावपट्ट्या आणि नऊ कोटी प्रवासी असे उद्दिष्ट आहे. जवाहरलाल नेहरू बंदर जवळ असल्याने मालवाहतुकीचा भाग दुय्यम समजू नये. नाशवंत माल, मासे, फुले, आंबा यांना सहार गाठण्यासाठी शहरातील वाहतुकीत अडकून पडण्याचे कारण आता उरत नाही.

पंचायतींनी लक्षात ठेवावयाचे

विमानतळाच्या कुंपणापाशी त्याचा प्रभाव संपत नाही. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमानुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पशू किंवा पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने उघड्यावर कचरा टाकणे अथवा जनावरे कापणे, सोलणे यांस मनाई आहे. घारी, कावळे, बगळे विमानाच्या इंजिनात शिरले तर काय होते हे सांगण्याची गरज नाही. उलवे, पनवेल, उरण या पट्ट्यातील ग्रामपंचायतींचा कचरा आता केवळ आरोग्याचा विषय राहिलेला नाही. मासळी बाजाराची घाण खाडीच्या कडेला ओतण्याची जुनी सवय सोडावी लागेल. त्यासाठी पंचायतींना वाहने आणि प्रक्रियेची जागा मिळावी, ही मागणी मात्र त्यांनी आवर्जून लावून धरावी. नियम पाळण्याचा खर्च गावाने आणि लाभ शहराने घ्यावयाचा, हे न्याय्य नव्हे.

पक्ष्यांच्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. ठाणे खाडी आणि नेरूळ-उरणकडील पाणथळी रोहित पक्ष्यांची आश्रयस्थाने आहेत. या पाणथळी बुजविल्या की पक्षी नाहीसे होतील असे समजणे चुकीचे ठरेल. जागा हरवलेले पक्षी नव्या जागेच्या शोधात इतस्ततः उडतील आणि ते विमानांना अधिक धोक्याचे. ठरलेल्या जागी निश्चिंतपणे बसलेला पक्षी हाच विमानतळाचा चांगला शेजारी.

बांधकामाची परवानगी देताना विमानतळ प्राधिकरणाच्या रंगनिहाय उंची-नकाशाचा आधार घेणे आवश्यक आहे. मोबाईलचे मनोरे, पाण्याच्या टाक्या आणि इमारतींवरील जाहिरात-फलक यांनाही उंचीची मर्यादा लागू होते.

याखेरीज विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचा, म्हणजे 'नैना'चा प्रश्न आहे. २०१३ मध्ये सुरुवातीस २७० गावांचे हे क्षेत्र जाहीर झाले. येथे भूसंपादनाऐवजी नगररचना परियोजनेचा मार्ग घेण्यात आला असून जमीनमालकाकडे ४० टक्के अंतिम भूखंड राहतो आणि उरलेल्या जमिनीतून रस्ते, मैदाने व अन्य सोयी व्हावयाच्या असतात. अनेक गावांचा यास विरोध आहे. लहान खातेदाराचे चाळीस टक्के म्हणजे नेमकी किती गुंठे, भूखंड कोठे आणि केव्हा, विकासशुल्क किती, या प्रश्नांची लेखी उत्तरे त्याला मिळाल्याखेरीज हा विरोध मावळणार नाही. दहा गावांच्या वेळी जो वेळ गेला, तो बहुतेक याच प्रकारच्या प्रश्नांत गेला होता.

रस्त्यांच्या बाबतीत स्थिती पुष्कळच बरी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू शिवडीहून खाडी ओलांडून उलव्याच्या बाजूस येतो. उरण रेल्वेमार्ग विमानतळाच्या लगत आहे. सहार आणि नवी मुंबई या दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो नियोजनात आहे. ती होईपर्यंत एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावर विमान पकडणाऱ्या प्रवाशाने हाताशी भरपूर वेळ ठेवावा हे उत्तम.

उलवे हे नाव आज एका मोठ्या वसाहतीने घेतले आहे आणि तरघर हे नाव उरण मार्गावरील रेल्वे स्थानकाने राखले आहे. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, गणेशपुरी ही नावे जुन्या सातबाऱ्यांवर, शाळांच्या दाखल्यांवर आणि पुष्पकनगरात राहावयास गेलेल्या माणसांच्या बोलण्यात आहेत. कोणत्या उघाडीला काय म्हणत, कोणत्या शेतात कोणते भात होई, भरतीचे पाणी गावदेवीच्या पायरीपर्यंत कोणत्या वर्षी आले होते, हे सांगणारी वृद्ध मंडळी अद्याप तेथे आहेत. तेथील शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून या गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. एका उन्हाळी सुटीचे काम आहे.